अलीनंतरचा जगज्जेता: लॅरी होम्सला त्याचं माप कधी मिळणार?

ठोसेबाज:
हेवीवेट बॉक्सिंगमधल्या सर्वश्रेष्ठांचा विषय निघाला की अली, जो लुई, मार्सियानो, फोरमन, टायसन ही नावं धडाधड येतात. लॅरी होम्सचं नाव कुणी आठवण करून दिली तरच येतं. माझं मत ठाम आहे. तो पहिल्या तिघांतला आहे आणि ती जागा त्याला नाकारली जाते ती केवळ त्याच्या वेळेमुळे. अली संपत आला होता, टायसन यायचा होता आणि मधली सात वर्षं हा माणूस जगज्जेता होता.

जन्म 1949 चा, जॉर्जियातला. वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावात. सातवीत शाळा सुटली, गाड्या धुवायच्या कामाला लागला. पुढे अली आणि फ्रेझियरच्या सरावात त्यांचे ठोसे खायला उभा राहिला. किताब त्याला कुणी आणून दिला नाही. 9 जून 1978, लास वेगास, समोर डब्ल्यूबीसी या किताब देणाऱ्या संघटनेचा विजेता केन नॉर्टन, आणि होम्सचा डावा हात काही दिवस आधी सरावात दुखावलेला. डावा म्हणजे त्याच्या जॅबचा, पुढच्या हाताच्या सरळ झटपट ठोशाचा हात! 14 राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांकडे दोघे बरोबरीत होते. पंधरावा राउंड जरूर बघा. कुणीच मागे सरत नाही. मध्ये नॉर्टन वरचढ होतो, होम्स दमलाय असं वाटतं, आणि अगदी शेवटी होम्सच त्याला हलवून सोडतो. दोन पंचांनी 143-142 होम्सला दिले, तिसऱ्याने तेच गुण नॉर्टनला.

त्यानंतर 20 वेळा किताब राखला. त्याच्या आधी याहून जास्त वेळा एकट्या जो लुईने राखला होता, 25 वेळा. आणखी काय करायला हवं होतं त्याने?

सांगलीकर:
असहमत. 20 हा आकडा ऐकायला भारी वाटतो, पण समोर कोण होतं ते बघा. लोरेंझो झॅनॉन, स्कॉट फ्रँक ही नावं आज कुणाला आठवतात? नॉर्टनशी लढत एवढी अटीतटीची झाली, मग त्याला परत संधी का दिली नाही? डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा विजेता वेगळा असायचा, त्याच्याशी दोन्ही किताब एकत्र करायची लढत कधी झालीच नाही. 1983 मध्ये डब्ल्यूबीसीने ग्रेग पेजशी लढ म्हटलं, तर ते सोडून तो लढला मार्विस फ्रेझियरशी. जो फ्रेझियरचा मुलगा, खात्यावर व्यावसायिक लढती फक्त 10. पहिल्याच राउंडमध्ये खेळ खलास. त्यानंतर गडी डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडून नव्या आयबीएफ संघटनेकडे गेला. सर्वश्रेष्ठ म्हणवणारा अवघड माणसांना शोधून त्यांच्याशी लढतो. अलीने लिस्टन, फ्रेझियर, फोरमन असे तिघे अंगावर घेतले. होम्सच्या यादीत त्या तोडीचं एक तरी नाव दाखवा.

मृदगंध:
एक नाव आहे, पण ते मोजायचं कसं? 2 ऑक्टोबर 1980 ला तो खुद्द अलीशी लढला. अली 38 वर्षांचा, दोन वर्षं रिंगबाहेर, वजन झपाट्याने उतरवलेलं, त्यात थायरॉइडचं औषध. मी ती लढत दुसऱ्यांदा बघू शकले नाही. अली ठोसे मारतच नाही, नुसते खातो. होम्स पुन्हा पुन्हा रेफरीकडे बघतो, की आता थांबवा. दहाव्या राउंडनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत सोडली. नंतर होम्स रडला.

मला संताप येतो तो लढत ठरवणाऱ्यांचा आणि परवाना देणाऱ्यांचा. होम्सला मी दोष देत नाही. पण हा विजय त्याच्या थोरवीच्या हिशेबात धरू नका. आणि त्याला मनापासून न स्वीकारण्याचं मूळही तिथेच आहे, असं मला वाटतं. लोकांच्या लाडक्याला ज्याच्या हातून मार बसला, त्याच्यावर लोक कसे जीव लावतील?

ठोसेबाज:
मृदगंध, अलीच्या लढतीबद्दल पूर्ण सहमत, मीही ती मोजत नाही. सांगलीकर, अर्नी शेव्हर्स तुमच्या यादीतून कसा सुटला? त्या काळात त्याच्याइतका कडक ठोसा क्वचितच कुणाचा होता. सप्टेंबर 1979 च्या लढतीत सातव्या राउंडला त्याचा उजवा बसला आणि होम्स सपाट आडवा झाला. उठला, सावरला आणि अकराव्यात शेव्हर्सची लढत थांबवायला लावली. तशा ठोशातून उठणारा दुसरा कुणी असेल तर सांगा. माइक वीव्हरलाही त्याने त्याच वर्षी बाराव्या राउंडला हरवलं, आणि तोच वीव्हर पुढे डब्ल्यूबीएचा विजेता झाला. नॉर्टनशी परतीची लढत व्हायला हवी होती, हे मात्र मान्य.

कोपऱ्यातला_कोच:
मी मुलांना बॉक्सिंग शिकवतो, म्हणून फक्त जॅबबद्दल लिहितो. नव्या मुलाला वाटतं, जॅब म्हणजे उजव्या हाताच्या ठोशाआधीची तयारी. होम्सचे व्हिडिओ दाखवले की डोळे उघडतात. त्याचा डावा खांद्यातून सरळ सुटतो, कोपर बाहेर फाकत नाही, आणि मारून झाल्यावर हात गेला त्याच रेषेत परत येतो. एकदा समोरच्याचं अंतर मोजायला, एकदा डोळ्यांवर पडदा धरायला आणि मग एकदा खरोखर दुखवायला, असे तीन वेगवेगळे जॅब तो एकाच दमात मारतो. समोरच्याला तिन्ही सारखेच दिसतात. हेवीवेटमध्ये इतका चांगला जॅब मी पाहिलेला नाही, अलीचाही नाही. पंधरा राउंड तो मारत राहायला पाय आणि दम लागतो, ते बोलण्याइतकं सोपं नाही. विरोधक कोण होते यावर वाद घाला, पण या हाताच्या पासंगाला कुणाचाही जॅब पुरणार नाही.

निशिगंधा:
रंगाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही, याचं नवल वाटलं. 1982 मध्ये कृष्णवर्णीय होम्सची गेरी कूनीशी लढत होती. आयरिश वंशाचा गोरा तरुण, सगळ्या जाहिराती त्याच्यावर. रिवाज असा की जगज्जेत्याचं नाव शेवटी पुकारायचं. त्या रात्री होम्सचं नाव आधी पुकारलं. मानधनही आव्हानवीराला विजेत्याइतकंच. चार वर्षं अजिंक्य असलेल्या माणसाला स्वतःच्याच लढतीत पाहुणा करून टाकलं. तेराव्या राउंडला त्याने कूनीला संपवलं. जनतेने त्याला स्वीकारलं नाही असं म्हणताना स्वीकारू दिलं होतं का, हेही विचारा.

सांगलीकर:
निशिगंधाताई, तो अन्याय होताच, त्यावर वाद नाही. पण प्रश्न थोरवीचा आहे, सहानुभूतीचा नाही. 1983 मध्ये टिम विदरस्पून फक्त 15 लढतींचा अनुभव घेऊन आला आणि त्याने होम्सला निकालापर्यंत रडवलं. पंचांत फूट पडली, निसटता जय. 1985 च्या मे मध्ये कार्ल विल्यम्सनेही त्याला निकालापर्यंत रडवलं. मग सप्टेंबरात मायकेल स्पिंक्स, खालच्या वजनगटातून आलेला, आणि 48-0 चा, म्हणजे 48 विजय आणि एकही हार नसल्याचा फुगा फुटला. मार्सियानोच्या 49-0 ला एक विजय कमी पडला. तारीख 21 सप्टेंबर, मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर 30 वर्षं. आणि हरल्यावर पत्रकारांसमोर मार्सियानोची अश्लील भाषेत हेटाळणी केली. तो माणूस 1969 मध्येच विमान अपघातात गेलेला, त्याचा भाऊ तिथे हजर. मोठ्या विजेत्याला हे शोभतं?

ठोसेबाज:
नाही शोभत. पण त्या एका वाक्याने 48 विजय पुसले जात नाहीत. विदरस्पून आणि विल्यम्सच्या वेळी तो 33 आणि 35 वर्षांचा होता, म्हणजे तुम्ही उतरणीवरच्या होम्सला मोजताय. 1986 मध्ये स्पिंक्सने त्याला पुन्हा हरवलं, पण त्या निकालाचा वाद अजून मिटलेला नाही. 1988 मध्ये टायसनने चौथ्या राउंडला झोपवलं, ते मात्र निर्विवाद.

आणि मग 1992 बघा. 42 वर्षांचा होम्स, समोर ऑलिंपिक सुवर्णपदक विजेता, एकही लढत न हरलेला रे मर्सर. होम्सने गुणांवर हरवला. त्याच वर्षी होलीफील्डशी किताबासाठी पूर्ण 12 राउंड टिकला. 1995 मध्ये 45 व्या वर्षी ऑलिव्हर मॅकॉलशी थोडक्यात हरला. शेवटी खात्यावर 75 लढती, 69 विजय. समोर कुणी नव्हतंच म्हणणाऱ्यांनी निदान मर्सरचं उत्तर द्यावं.

मृदगंध:
मर्सरची लढत मी पाहिलेली नाही, आज रात्री बघते. तरी माझ्या यादीत होम्स पाचवा. अली, लुई, फोरमन, फ्रेझियर, मग तो.

सांगलीकर:
मर्सरचा विजय मोठा, हे मान्य. पण पेज आणि नॉर्टनचं काय? ते प्रश्न तसेच आहेत, म्हणून माझ्याकडे पहिल्या दहात, पहिल्या तिघांत नाही.

ठोसेबाज:
माझी यादी: अली, लुई, होम्स. मार्सियानो त्याच्या खाली, कारण मार्सियानोच्या अंगावर शेव्हर्ससारखा ठोसा कधी आलाच नाही. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर मी तयार आहे.