प्रतिसाद: 'रिव्हीलिंग' फक्त कपड्यांपुरतं नाही

वरच्या पोस्टमध्ये इंग्रजी 'रिव्हीलिंग' (revealing) या शब्दाचा अर्थ 'अंगप्रदर्शन करणारा' असा दिलाय. कपड्यांपुरतं ते बरोबर आहे. पण 'रिव्हीलिंग आन्सर' म्हटलं की कपड्यांचा काही संबंध उरत नाही. म्हणजे उत्तरातून माणूस कळला, बऱ्याचदा त्याच्याही नकळत. "पगार किती?" या प्रश्नावर कुणी "भागतं आपलं" म्हणून विषय बदलला, तर ते टाळणंच रिव्हीलिंग. 'इट इज रिव्हीलिंग दॅट...' अशी सुरुवात असेल तर पुढे बऱ्याचदा टोमणा येतो, "यातच सगळं आलं" या थाटाचा. तिथे 'टेलिंग' (telling, बरंच सांगून जाणारं) हा शब्दही चालतो. कपड्यांना मात्र 'टेलिंग' लावू नका! 'रिव्हेलेटरी' (revelatory) हा शब्द वेगळा, त्यात साक्षात्काराची छटा आहे. या दुसऱ्या अर्थाच्या 'रिव्हीलिंग'साठी मराठीत मी तरी 'बोलका' वापरेन: बोलकी आकडेवारी, बोलकं मौन.