रोलप्लेमधल्या पात्राचं चित्र: मालकी कुणाची, पैसे कसे द्यायचे, खेळाडू सोडून गेला तर काय?

गंगावेस_कट्टा

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या नऊ जणांचा मराठी रोलप्ले आहे, म्हणजे प्रत्येकानं आपलं पात्र घेऊन मिळून कथा लिहायची. सगळा डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर, लिहून चालतो. गाव काल्पनिक, काळ अठराव्या शतकासारखा, पण घाट, तालमी, गुऱ्हाळं, पन्हाळ्याचं धुकं सगळं आपलंच. आता नियम लिहायला घेतलेत आणि गाडी पात्रांच्या चित्रांवर अडलीय. तिघांनी पिंटरेस्टवरची चित्रं लावलीत, दोघांनी एआयकडून काढून घेतलीत, एका पात्राला एका नटीचा फोटो आहे. एका खेळाडूला चित्रकाराला रीतसर पैसे देऊन चित्र करून घ्यायचंय.

पैसे दिले की चित्र आपलं होतं का? चित्रकाराला नेमकं काय सांगायचं, पैसे कुठल्या टप्प्यावर द्यायचे? आणि खेळाडू मध्येच सोडून गेला तर त्याचं पात्र, त्याचं चित्र आणि त्यानं आमच्याबरोबर लिहिलेले प्रसंग यांचं काय करायचं? अनुभवी लोकांनी तपशिलात सांगावं. ‘समजुतीनं घ्या’ एवढ्यावर भांडण मिटत नाही.

भवानी_मंडप

मालकीचं आधी. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढणारा हा पहिला मालक, हा साधा नियम. पण कलम १७ मध्ये एक अपवाद आहे जो बऱ्याच चित्रकारांनाही ठाऊक नसतो: मोबदला देऊन कुणी पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. सगळी मेख ‘वेगळं काही ठरलेलं नसेल’ यात आहे. बहुतेक चित्रकारांच्या अटींत ‘फक्त वैयक्तिक वापर’ असं लिहिलेलं असतं. त्या अटी वाचून पैसे पाठवलेत, म्हणजे ठरलं. मग त्या चित्राचे स्टिकर छापून विकता येणार नाहीत. हक्क विकत घ्यायचेच असतील तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी लागतं. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून दोन्ही लिहाच.

मालकी कुणाकडेही गेली तरी कलम ५७ चा हक्क चित्रकाराकडेच राहतो. चित्र माझं आहे असं सांगण्याचा हक्क त्याचा, आणि चित्राची मोडतोड होऊन त्याच्या नावाला बट्टा लागत असेल तर हरकत घेण्याचाही. त्यामुळे कोपऱ्यातली सही कापून चित्र लावणं बंद करा. डिस्कॉर्डवर नावाशेजारी दिसणाऱ्या गोल चित्रात सही बसत नसेल, तर पात्राच्या माहितीत पहिल्याच ओळीत चित्रकाराचं नाव लिहा.

पिंटरेस्टवरची तीन चित्रं आजच उतरवा. गूगल लेन्स किंवा सॉसनाओवर टाकून मूळ चित्रकार शोधा, विचारा, ‘हो’ आलं तर परत लावा. सापडला नाही तर लावू नका. नुसतं नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला आपलं नाव न घेता मिरवल्या गेल्या, तेव्हा अख्खं शहर चिडलं होतं, आणि ते बरोबरच होतं. चपलेला जो न्याय, तोच एखाद्या परक्या देशातल्या पोरीनं काढलेल्या चित्राला.

नटीच्या फोटोचं कायद्यापेक्षा माणुसकीनं बघा. दिल्ली उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये अमिताभ बच्चन आणि २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या नावाच्या, आवाजाच्या, चेहऱ्याच्या परवानगीविना वापराला मनाई केली. ते प्रामुख्यानं धंद्यासाठीच्या वापराबद्दल होतं आणि तुमचा खेळ फुकट आहे, मान्य. पण त्या पात्राचं लग्न होणार, कुणी त्याला मारणार, कुणी मिठीत घेणार, आणि त्या प्रत्येक ओळीशेजारी एका जिवंत बाईचा चेहरा दिसणार. तिला कुणी विचारलेलं नाही. फोटो काढा.

शाई_शेला

चित्र करून घेण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण पैसे बुडतात आणि मैत्र्या तुटतात त्या इथंच.

चित्रकाराला पात्राची वीस पानी कथा पाठवू नका. एक पान पुरे. त्यात वय, उंची, बांधा, केस, कपडे, हातात काय आहे आणि चेहऱ्यावरचा एकच भाव. ‘धाडसी पण हळवी, रागीट पण प्रेमळ’ असं लिहिलंत तर चारही हरवतात. रंग शब्दांत सांगू नका, हेक्स कोड, म्हणजे रंगाचा संगणकी क्रमांक द्या. ‘डाळिंबी’ म्हटलं की दहा जणांच्या डोळ्यासमोर दहा रंग येतात. संदर्भचित्रं पाच-सहा, आणि प्रत्येकाखाली एक ओळ: यातून फक्त पदर घ्या, यातून फक्त उजेड. ती ओळ नसली की चित्रकार नेमकी नको ती गोष्ट उचलतो.

आपल्याकडच्या वेशाला हे दुप्पट लागू. कोल्हापुरी साजाचंच घ्या. परंपरेनं त्यात २१ पानं. मासा, कासव, शंख, चंद्र, बेलपान, वाघनख, प्रत्येकाचा आकार वेगळा आणि मध्ये जवमणी. बाहेरचा चित्रकार त्याची सरसकट गोल नाणी करतो, म्हणजे साजाचा पुतळीहार होतो. साजाचा समोरून काढलेला, मोठा, स्वच्छ फोटो द्या आणि चित्रात पानं पाच मिलिमीटरची असली तरी वेगळी दिसू द्या असं सांगा. नऊवारीचा मागून फोटो द्याच, कारण काष्टा कुठून येतो आणि कुठं खोचतात हे समोरून कळत नाही. कोल्हापुरी चपलेला दोन्ही बाजूंना कान असतात आणि वरच्या पट्ट्यावर वेणी. हे दोन्ही सांगितलं नाही तर साधी सँडल येते.

कामाचे टप्पे: आधी दोन-तीन छोटे कच्चे आराखडे, मग एकाची निवड, मग रेघ, मग सपाट रंग, शेवटी छाया-उजेड. आराखड्यावर हवे तेवढे बदल मागा. रेघ मान्य केल्यावर हात हलवायला सांगितला तर खांदा, पदर, सावली सगळं पुन्हा काढावं लागतं. म्हणून त्यापुढचा बदल पैसे घेऊनच, हे आधी लिहून घ्या. पूर्ण उभं पात्र, सपाट रंग आणि साधी पार्श्वभूमी याला ८ ते १२ तास सहज जातात. साज आणि जरीकाठ असेल तर जास्त. भाव करताना हे तास डोळ्यासमोर ठेवा.

पैसे अर्धे आराखडा मान्य झाल्यावर, अर्धे पूर्ण चित्र लहान आकारात आणि वॉटरमार्कसह बघितल्यावर. मोठी फाइल त्यानंतर. यूपीआय करताना नोंदीत पात्राचं नाव आणि टप्पा लिहा, पुढं हिशेबाला तेच कामी येतं. पूर्ण रक्कम आधी दिली की काम रेंगाळतं, सगळी शेवटी ठेवली की चित्रकार अडकतो.

फाइल दोन मागा. एक ए-फोरची, ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल, म्हणजे कधी छापायची झाली तर फाटणार नाही. दुसरी फक्त चेहऱ्याची, ५१२ × ५१२, चेहरा बरोबर मधोमध. डिस्कॉर्ड अवतार गोल कापतं आणि गप्पांमध्ये तो जेमतेम ४० पिक्सेलचा दिसतो. तिथं साज दिसतच नाही, नाक-डोळे आणि कपाळावरची चिरी एवढंच पोचतं. उभं चित्र तसंच लावलं तर पात्राच्या पोटाचा गोल येतो.

आणि नऊ जणांनी मिळून सूचना द्यायच्या नाहीत. चित्रकाराशी एकानंच बोलायचं, ज्याचं पात्र त्यानं.

कात्यायनी_वाट

मी लिहिण्याच्या बाजूचं सांगते, कारण चित्रापेक्षा मोठी गुंतागुंत तिथं आहे.

पात्र खेळाडूचं, प्रसंग दोघांचा, गाव सगळ्यांचं. नियम या तीन वाक्यांवर उभे करा. खेळाडू गेला तर पात्राचं नाव, चेहरा, चित्र त्याच्याबरोबर जातं. दुसऱ्या कुणी ते पात्र चालवायचं नाही, मारायचं नाही, लग्न लावायचं नाही. कथेत ते पात्र ‘कोकणात उतरलं’ असं एका ओळीत लिहून मोकळं व्हा. आधी लिहिलेले प्रसंग राहतात, कारण त्यात दुसऱ्याचीही मेहनत आहे. पण तो म्हणाला तर त्यांतून चित्र आणि त्याचं खरं नाव काढून टाका. हे सगळं प्रवेशाच्या वेळीच मान्य करून घ्या, जाताना रागाच्या भरात नव्हे. प्रसंग संग्रहात ठेवताना एक तांत्रिक गोष्ट: डिस्कॉर्डवरच्या चित्राची लिंक बाहेरच्या दस्तऐवजात चिकटवली तर ती काही काळानं मरते. फाइल उतरवून ठेवा.

टपरबॉक्स हा डिस्कॉर्डवरचा बॉट वापरत असाल तर तुमचा मूळ संदेश पुसला जाऊन पात्राच्या नावानं आणि चेहऱ्यानं पुन्हा येतो. नवख्याला कळत नाही की बोलतंय कोण. त्या संदेशावर प्रश्नचिन्हाचा इमोजी टाकला की बॉट लिहिणाऱ्याचं नाव खासगीत कळवतो. हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना शिकवा. मुखवट्यामागून कुणी त्रास देत असेल तर याचाच आधार लागतो.

दुसऱ्याच्या पात्राचं शरीर तुम्ही हलवायचं नाही. ‘मी तलवार चालवली आणि त्याचा हात तुटला’ हे गॉडमोडिंग. ‘मी त्याच्या हातावर वार केला’ इथं थांबायचं, लागला की नाही हे समोरचा लिहील. मेटागेमिंगही तसंच: तुम्ही वाचलंय म्हणून तुमच्या पात्राला कळलं असं होत नाही. मृत्यू, बलात्कार, आत्महत्या, जातीवरून अपमान, यापैकी काय खेळात अजिबात येणार नाही आणि काय पडद्याआड होईल हे प्रत्येकाकडून खासगीत विचारून एका यादीत लिहा, नावं न लिहिता. जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड लेखी खेळातही चालतं: कुणीही ‘एक्स’ लिहिलं की प्रसंग मागं घ्यायचा, कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की पुढच्या वेळी माणूस ‘एक्स’ लिहीत नाही, गप्प सहन करतो, मग एक दिवस निघून जातो.

१८ वर्षांखालचं कुणी असेल तर प्रेमप्रसंग बंद. वेगळ्या चॅनेलमध्येसुद्धा नाही. यात तडजोड नको.

आणि कोल्हापूरचं म्हणून एक. छत्रपती, ताराराणी, शाहू महाराज ही पात्रं म्हणून कुणाला देऊ नका. दरबारातून खलिता येतो, एवढाच त्यांचा उल्लेख ठेवा. माणसं श्रद्धेनं बघतात त्या नावांकडं, आणि तुमच्या प्रसंगाचा अर्धाच स्क्रीनशॉट बाहेर गेला तर बाकीचं कुणी वाचत नाही.

तालीम_नं_एक

वेळंचं पण लिवा नियमात. एकानं लिवलं की दुसऱ्यानं ७२ तासांत उत्तर द्यायचं, न्हाई जमलं तर एक ओळ टाकायची ‘अडकलोय’. मग त्याला वगळून प्रसंग फुडं न्यायचा, पर त्याच्या पात्राला कायबी करायचं न्हाई. बारावीची परीक्षा, गणपती, जोतिबाची यात्रा, ऊसतोड, या दिवसांत घड्याळ बंद. रातच्याला दोनला संदेश टाकून सकाळी ‘का न्हाई लिवलंस’ म्हणणाऱ्याला सरळ सांगायचं. घरात एकच मोबाईल असलेली माणसं बी खेळत्यात, भावा.

गंगावेस_कट्टा

सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो आणि पिंटरेस्टची चित्रं उतरवायला सांगितलं. एक उरलं: चित्रकाराचे पैसे परवडत नाहीत अशा दोघांनी एआयची चित्रं लावलीत. ती बंद करायची तर त्यांनी लावायचं काय?

शाई_शेला

बंद करा असंच मी म्हणेन. ज्यांच्या चित्रांवर ती यंत्रं शिकली, त्यातल्या बहुतेकांना विचारलेलं नाही. शिवाय खेळापुरतं बघितलं तरी पात्राचा चेहरा दर वेळी बदलतो, साज नाण्यांचा होतो आणि निऱ्या कुठून तरी सुरू होऊन कुठंही संपतात. आणखी एक पक्कं लिहा: पैसे देऊन काढलेलं चित्र एआयमध्ये घालून ‘अजून चार पोझ’ काढून घ्यायच्या नाहीत.

पर्याय आहेत. पिक्रू या संकेतस्थळावर तुकडे जोडून चेहरा बनवता येतो. तिथं प्रत्येक निर्मात्यानं वैयक्तिक वापर, व्यापारी वापर, फेरफार यातलं काय चालेल हे चिन्हांनी दिलेलं असतं, ते बघूनच घ्या. नाहीतर चेहऱ्याऐवजी वस्तू लावा: कट्यार, चिलीम, पैंजण, घुंगरू. स्वतः पेन्सिलीनं काढलेली कट्यार ४० पिक्सेलमध्ये सुंदर दिसते. चित्र काढायला आईबीस पेंट हे अ‍ॅप मोबाईलवर चालतं, क्रिटा संगणकावर फुकट आहे.

भवानी_मंडप

जुनी चित्रंही चालतात. आपल्याकडे हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, आपले आबालाल रहिमान १९३१ मध्ये, दोघांचेही हक्क केव्हाच संपलेत. बाबूराव पेंटर १९५४ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांची मुदत २०१४ अखेर संपली. आबालालांची कोटितीर्थाची निसर्गचित्रं तुमच्या घाटावरच्या प्रसंगांना पार्श्वभूमी म्हणून किती शोभतील बघा. संग्रहालयात जाऊन फोटो काढायचा असेल तर तिथली परवानगी आधी विचारा. खाली ‘आबालाल रहिमान’ हे नाव तरीही लिहायचं.

आणि पन्हाळ्याची तीन दरवाजाची कमान, खासबाग मैदान, नवा राजवाडा यांचे फोटो किंवा स्केच स्वतः काढून लावायला कायद्याची हरकत नाही. इमारतीचं चित्र किंवा फोटो काढणं आणि प्रसिद्ध करणं कलम ५२ प्रमाणे उल्लंघन ठरत नाही. दुसऱ्यानं काढलेला फोटो मात्र त्याचा, तो विचारूनच.