बोटांचे ठसे बघून अकरावीचा ग्रुप ठरवणाऱ्यांना उत्तर

मकरपुरा वर्कशॉप (धागा सुरू करणारा)

परवा आपल्या बडोदेकर पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. दहावीनंतर मुलाची करिअर टेस्ट न करणं म्हणजे बेजबाबदारपणा, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. लिहिणाऱ्या वहिनींनी मुलाच्या दहाही बोटांचे ठसे देऊन डीएमआयटी (ठशांवरून बुद्धी सांगणारी टेस्ट) करून घेतली, जाडजूड रंगीत रिपोर्ट आणला आणि त्यात 'लॉजिकल ब्रेन' निघाला म्हणून मुलाला सायन्सचा ए ग्रुप, म्हणजे गणिताचा, घेऊन दिला. मी तिथे शंका विचारली तर "तुम्ही सायकॉलॉजिस्ट आहात का?" एवढंच उत्तर आलं आणि विषय बंद. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

बोटांवरच्या रेषा मूल आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यावरून पंधराव्या वर्षी त्यानं गणित घ्यावं की जीवशास्त्र, हे कसं कळणार? जाहिरातीत हॉवर्ड गार्डनरचं नाव हमखास असतं. गार्डनरनं १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांची मांडणी केली, तिचा बोटांच्या ठशांशी काहीही संबंध नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनंसुद्धा या प्रकाराला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय. तरी आपल्याकडे लोक हजारो रुपये मोजतात.

पण माझा राग तेवढ्यापुरता नाही. ज्या चाचण्या खऱ्या आहेत, त्यांचंही आपण तेच करतो. डीएटी ही कल चाचणी १९४७ पासून आहे, तिच्यात मेकॅनिकल रीझनिंग (यंत्रांची समज) आहे, स्पेस रिलेशन्स (आकार डोळ्यांपुढे फिरवून बघणं) आहे. चांगली चाचणी आहे. पण ती कागदावर चालते. माझ्याकडे मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, अॅप्रेंटिस येतात. चित्रातली गिअरची दिशा झटकन सांगणारा मुलगा कानस हातात धरल्यावर घासायचा तुकडा वाकडा करून ठेवतो, आणि मशीनच्या आवाजानं दुपारपर्यंत त्याचं डोकं उठतं. हे कुठल्या रिपोर्टात येणार?

अपंगांच्या पुनर्वसनात काम करणाऱ्यांना हे केव्हाच कळलं होतं. न्यूयॉर्कच्या एका संस्थेनं 'टॉवर' नावाची पद्धत बसवली. खऱ्या नोकरीतली कामं तुकड्या-तुकड्यानं उमेदवाराला प्रत्यक्ष करायला द्यायची आणि वेळ व दर्जा दोन्ही बघायचे. तशीच हाताची चाचणी म्हणजे पर्ड्यू पेगबोर्ड, १९४८ चा. भोकांची पाटी, पिना, वॉशर, कॉलर. तीस सेकंदांत उजव्या हातानं किती पिना बसवल्या, मग डाव्या, मग दोन्ही. हात कसा चालतो ते समोर दिसतं.

तेव्हा माझं म्हणणं एकच. अकरावीचा फॉर्म भरण्याआधी मुलाला खऱ्या कामाजवळ नेऊन उभं करा. एक वर्कशॉप, एक लॅब, एक सीएचं ऑफिस. रिपोर्ट त्यानंतर.

वाघोडिया रोड समुपदेशक

डीएमआयटीबद्दल एकही शब्द वेगळा बोलणार नाही. पण दादा, त्या आडून तुम्ही सगळ्याच चाचण्या झोडपल्यात, ते पटलं नाही.

मी शाळेत समुपदेशक आहे. माझ्याकडे एक मुलगी आली होती. घरात ठरलेलं, कॉमर्स, मग बीकॉम, मग लग्न. चाचणीत तिचे स्पेशियल (आकार-अवकाशाची समज) आणि मेकॅनिकल दोन्ही गुण वर्गातल्या मुलांपेक्षा वर. तो कागद वडिलांच्या समोर ठेवला तेव्हा पहिल्यांदा ते गप्प बसून ऐकायला तयार झाले. आज ती डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. तुमच्या पद्धतीनं गेलं असतं तर काय झालं असतं? वडील तिला मकरपुऱ्याला घेऊन आले असते का? भावाला आणलं असतं. खरं काम बघायची संधी आधी कोणाला मिळते हे तुम्हालाही माहीत आहे. कागदाची चाचणी निदान सगळ्यांना एकाच बाकावर बसवते.

आणि सगळ्याला पैसे पडत नाहीत. एनसीईआरटी आणि सीबीएसईनं २०१९ मध्ये नववी-दहावीसाठी 'तमन्ना' ही कल चाचणी आणली. भाषा, अंक, अवकाश, यांत्रिक वगैरे सात अंगं, पास-नापास नाही. जॉन हॉलंड या मानसशास्त्रज्ञानं मांडलेल्या आवडींच्या सहा प्रकारांवर आधारलेला इंटरेस्ट प्रोफायलर ओनेट या व्यवसायांच्या माहितीच्या साइटवर फुकट आहे. अमेरिकेतला आहे, त्यातले व्यवसाय तिकडचे, पण मुलाशी बोलायला सुरुवात करून देतो.

रावपुरा ७४

टेस्टचं राहू द्या, मूळ दुखणं वेगळं आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० ला या गावात कलाभवन निघालं. रंगकाम, यंत्रकाम, चित्रकला, हातानं करायच्या विद्या मानानं शिकवल्या जात होत्या. दादासाहेब फाळके इथे शिकले. आणि आज त्याच गावात आयटीआय म्हटलं की लोक तोंड फिरवतात.

माझ्या पुतण्याचं सांगतो. आयटीआयमधून एओसीपी (केमिकल प्लांट ऑपरेटरचा ट्रेड) केलं, दोन वर्षं मान मोडून. दहेजला केमिकल प्लांटमध्ये आहे, पगार त्याच्या इंजिनिअर मित्रापेक्षा जास्त. स्थळं बघायला लागलो तर प्रत्येक घरातून एकच प्रश्न, "डिग्री कुठली?" आयटीआय ऐकलं की फोन ठेवतात. चाचण्यांची कुठलीही बॅटरी (संच) लावा, जगातली सगळ्यात भारी लावा, तिनं 'फिटर' सांगितलं तर आई-बाप तो कागद फाडून टाकतील. मग चाचणी कसली घेता?

सुरसागर काठ

काका, मुलीकडच्यांवर ढकलू नका. दहेजला शिफ्ट ड्युटी आहे, मुलगी बडोद्यात नोकरी करते, नवरा आठवड्यातून कधी दिसणार ते माहीत नाही. आम्ही डिग्री विचारतो ते स्पष्ट नाही म्हणवत नाही म्हणून. माझ्या बहिणीला आलेल्या स्थळात प्लांटमध्ये गॅस गळतीचं प्रकरण झालं होतं, ते मुलाकडच्यांनी लपवलं होतं. तेव्हा कोणाला काय वाटलं?

रावपुरा ७४

माझा पुतण्या काय गळती लपवतोय? काहीही जोडता. बँकेतल्या मुलाची बदली भुजला होते तेव्हा कोणी विचारत नाही. केमिकल प्लांटचा युनिफॉर्म दिसला की नाक मुरडायचं, हेच खरं.

सुरसागर काठ

तुमच्या घरातली मुलगी आयटीआयवाल्याला दिलीत का? दिली असेल तर सांगा, मी इथेच माफी मागते.

रावपुरा ७४

माझ्या घरातल्या मुलींचा इथे विषय नाही.

सुरसागर काठ

तोच तर विषय आहे.

कारेलीबाग पालक

दोघंही थांबा जरा. आयटीआय म्हणजे रस्ता बंद हे चित्रच चुकीचं आहे. आयटीआयनंतर सी टू डी करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, डिप्लोमानंतर डी टू डी करून डिग्रीला. आमच्या सोसायटीतला इलेक्ट्रिशियन ट्रेडचा मुलगा याच वाटेनं बीई झाला आणि थेट अकरावी सायन्स केलेल्यांपेक्षा हातानं जास्त तयार आहे. हे दहावीच्या पालकांना सांगतच नाही कोणी. ट्युशनवाले तर मुळीच सांगणार नाहीत.

फाळक्यांचं नाव घेतलंत म्हणून एक विचारतो. ते मुंबईच्या जेजे कलाशाळेतून इथे आले, फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला स्टुडिओ काढला, छपाईत गेले आणि 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा १९१३ साल, वय त्रेचाळीस. पंधराव्या वर्षी त्यांना कुठली चाचणी काय सांगणार होती? सिनेमा तेव्हा जगातच नव्हता.

वाघोडिया रोड समुपदेशक

फाळक्यांचं उदाहरण नेहमी देतात आणि मला ते नेहमी खटकतं. एक फाळके झाले म्हणून वर्गातल्या बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं का? आणि नीट बघा, चित्र, फोटो, छपाई, सिनेमा. व्यवसाय बदलले, ओढा एकाच दिशेचा राहिला. आवडीची चाचणी तेवढंच शोधते. नोकरीचं नाव ती सांगतच नाही, सांगते असं म्हणणारा विकायला बसलाय.

मांजलपूर बाबा

मला वेगळीच तक्रार आहे आणि ती कोणी बोलत नाही. घरात मराठी, शाळा गुजराती माध्यम, आणि एका खासगी सेंटरनं मुलाला टेस्ट दिली इंग्रजीत. व्हर्बल रीझनिंग (भाषेतून विचार) ३० पर्सेंटाइल, म्हणजे तुलनेच्या गटातले साधारण तीस टक्के त्याच्या मागे. सेंटरवाली बाई म्हणते, "भाषेत कमजोर आहे, वकिली-पत्रकारिता विसरा." हा मुलगा गुजराती वक्तृत्वात शाळेकडून जातो! बायको रात्रभर रडली, तिला वाटलं शंभरातले तीस मार्क मिळाले. तो आकडा कोणाशी तुलना करून काढलाय, हे विचारल्यावर सेंटरकडे उत्तर नव्हतं.

वाघोडिया रोड समुपदेशक

यावर माझ्याकडे बचाव नाही. ज्या माध्यमातून मूल शिकलं त्यात व्हर्बल घ्यायचं, ते नसेल तर तो भाग सोडून आकृत्यांवर भर द्यायचा, एवढं साधं आहे. आणि पर्सेंटाइल कोणत्या गटाशी तुलना करून काढला ते रिपोर्टात छापलेलंच असलं पाहिजे. तुम्ही रॉ स्कोअर (किती उत्तरं बरोबर आली) आणि नॉर्म गट (तो तुलनेचा गट) लेखी मागा. दिला नाही तर तो रिपोर्ट गणतीत धरू नका. मुलाला सांगा, त्या तीसमध्ये त्याचं इंग्रजी मोजलं गेलंय.

फतेगंज ताई

माझी धाकटी बहीण ऐकू शकत नाही. लेखी चाचण्यांत ती कायम खालीच यायची, कारण सूचनाच तिला कळायच्या नाहीत. आपल्या गावात फक्त अपंग स्त्रियांसाठी व्यावसायिक पुनर्वसन केंद्र निघालं होतं, हे इथल्या किती जणांना ठाऊक आहे? बहिणीचं मूल्यमापन दुसरीकडे झालं, पण पद्धत धागा काढणाऱ्या दादांनी लिहिली तीच. तिच्यापुढे छोटे भाग जोडायचं काम ठेवलं. खुणेनं एकदा दाखवलं आणि ती सुरू झाली. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर बोटांचा वेग, चुका, थकल्यावर काय होतं, सगळं लिहिलं. आमच्या आईनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं की हिला काहीतरी उत्तम येतं.

पुढचंही सांगते. त्या कागदावर असेंब्लीच्या कामाची शिफारस होती. एका कंपनीनं घेतली आणि काही महिन्यांत काढली, कारण सुपरवायझरला लिहून सूचना द्यायचा कंटाळा. मूल्यमापन कितीही नेटकं असो, दाराच्या आत कोणी घेतलं नाही तर काय उपयोग?

मकरपुरा वर्कशॉप

ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ काही टाइप केलं नाही. सुपरवायझरचं खरं आहे, असे लोक माझ्या आजूबाजूला आहेत.

समुपदेशक बाईंचा मुलींबद्दलचा मुद्दा मान्य. आवडीच्या चाचणीबद्दलचाही, नाइलाजानं. पण बोटांचे ठसे आणि 'लॉजिकल ब्रेन' विकणारे तुमच्याच व्यवसायाचं नाव वापरतात. तुम्ही शाळाशाळांतून त्यांच्याविरुद्ध बोललात तर माझ्यासारख्याला लिहावं लागणार नाही.

वाघोडिया रोड समुपदेशक

बोलते. ज्या शाळेत बोलले तिथे त्यांचा स्टॉल आधीच लागलेला होता.

तुमच्या वर्कशॉपचंही बघा. अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामावर लावायला कायद्यानं बंदी आहे. लेथवर उभं करायची कल्पना असेल तर मी एकही मूल पाठवणार नाही.

मकरपुरा वर्कशॉप

लेथ बंद ठेवतो. व्हाइस, कानस, हॅकसॉ, मोजायला व्हर्नियर, ड्रॉइंग वाचायचं. सेफ्टी शूज आणि गॉगल माझ्याकडचे. मुली आधी पाठवा.

निझामपुरा आई

ती पोस्ट माझी होती. कोणीतरी लिंक पाठवली म्हणून सगळं वाचलं. मुलगा ए ग्रुपमध्ये आहे, रोज जातो, रडत नाही. तुम्ही सगळे म्हणताय मुलाशी बोला. मी बोलले होते. वर्षभर विचारत होते, "तुला काय आवडतं?" आणि तो दर वेळी "माहीत नाही" म्हणायचा. शाळेत समुपदेशक नाही, घरात विचारायला कोणी नाही, नवरा परगावी. बोटं देऊन निदान कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं. त्या जागी तुम्ही काय केलं असतं ते सांगा.

वाघोडिया रोड समुपदेशक

वहिनी, शनिवारी दुपारी त्याला शाळेत घेऊन या. पैसे नाहीत. रिपोर्ट आणू नका, नववी-दहावीच्या वह्या आणि तो फावल्या वेळात जे काही करत असेल ते आणा, मोबाइलवरचं असलं तरी. युनिट टेस्टच्या आत आपल्याला कळलं तर ग्रुप बदलायचा विषय प्रिन्सिपलकडे काढता येईल.

रावपुरा ७४

आणि आयटीआयचं नाव काढलंत तर चालेल का त्यांना, तेही विचारा.