चित्रपटाला तारे द्यावेत की तिकिटाचा भाव?

गोदाकाठ, गंगापूर रोड

आम्ही काही मित्रमंडळी दर शुक्रवारी लागणारे चित्रपट पाहून आमच्या व्हॉट्सॲप गटावर अभिप्राय लिहितो. आजवर पाचपैकी तारे देण्याची पद्धत होती. परंतु अडीच किंवा तीन तारे वाचून तिकीट काढावे की नाही, हे कोणालाच ठरवता येत नाही, अशी तक्रार वरचेवर होऊ लागली. म्हणून तारे बंद करून ‘पूर्ण दरात पाहावा’, ‘स्वस्त खेळाला पाहावा’, ‘घरी ओटीटीवर पाहावा’ आणि ‘सोडून द्यावा’ अशा चार पायऱ्या ठेवण्याचा विचार आहे.

अडचण अशी की ‘पूर्ण दर’ म्हणजे कोणता, यावर एकमत होत नाही. एकच चित्रपट एकपडदा चित्रपटगृहात एका भावाने, मॉलमधील मल्टिप्लेक्समध्ये दुसऱ्या भावाने, तिथेच रविवारी संध्याकाळी तिसऱ्या भावाने आणि रिक्लायनरवर चौथ्याच भावाने पाहावा लागतो. शिवाय पॉपकॉर्न, पार्किंग आणि ऑनलाइन आरक्षणाचे शुल्क चित्रपटाच्या माथी मारायचे का, हाही वाद आहे. जाणकारांनी मत द्यावे.

हिशेबनीस, नाशिकरोड

आधी पाया निश्चित करा, नाहीतर सगळा खटाटोप व्यर्थ आहे. माझ्या मते सोमवार ते गुरुवार या दिवसांतील मल्टिप्लेक्सच्या साध्या आसनाचा दर हा पाया धरावा, कारण रविवारचा चढा भाव गर्दीने ठरतो आणि रिक्लायनरचा भाव खुर्चीचा असतो. चित्रपटाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. हा दर करासह धरावा. मूळ दर २०० रुपये असेल तर १८ टक्के जीएसटी धरून तिकीट २३६ रुपयांना पडते आणि चौघांच्या कुटुंबाचे ९४४ रुपये होतात. ऑनलाइन सुविधा शुल्क आणि त्यावरील १८ टक्के कर वेगळाच. पण खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला तो भुर्दंड पडत नसल्याने तो हिशेबात धरू नये.

स्वस्त खेळाच्या पायरीबाबत एक बारकावा आहे. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तर त्याहून महाग तिकिटावर तो १८ टक्केच आहे. म्हणजे १०० रुपयांचे तिकीट १०५ रुपयांना पडते, पण ११० रुपयांचे १२९ रुपये ८० पैशांना. मूळ दरात दहाच रुपयांचा फरक असताना खिशातून मात्र जवळपास पंचवीस रुपये जास्त जातात. तेव्हा ‘स्वस्त’ या शब्दाची मर्यादा शंभर रुपयांवर ठेवणे सोयीचे होईल.

खाद्यपदार्थ पूर्णपणे वगळावेत. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा अधिकार चित्रपटगृहाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. मात्र त्याच वेळी पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य द्यावे आणि तान्ह्या बाळाचे खाणे अडवू नये, असेही सांगितले. पाणी फुकट मिळते, भूक लागली तर मध्यंतरापर्यंत थांबता येते. समोशाच्या किमतीचा राग दिग्दर्शकावर काढण्याचे कारण नाही.

पंचवटीकर

वरील हिशेब चोख आहे, तरीही मला ही पद्धत अर्धीच मान्य आहे. पैसा वसूल झाला का, हा प्रश्न प्रेक्षक पहिल्यापासून विचारत आला आहे, हे मात्र खरे. आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनाही त्याची झळ बसली होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर तो सुरतेला नेला, तेव्हा दोन आण्यांत सहा तासांचे नाटक पाहायला मिळत असताना दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार, असा पेच उभा राहिला. त्यावर दादासाहेबांनी ५७,००० छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत, अशा अर्थाची जाहिरात केल्याचे सांगतात. (पस्तीस मिलिमीटरच्या फितीत फुटाला सोळा चौकटी बसतात, त्या हिशेबाने ५७,००० छायाचित्रांची फीत साडेतीन हजार फुटांच्या आसपास भरते, म्हणजे एक मैलसुद्धा नाही. जाहिरातदारांची परंपरा जुनी आहे, एवढेच म्हणतो.)

माझा आक्षेप तिसऱ्या पायरीला आहे. ‘घरी पाहावा’ हा शेरा बहुतेक वेळा लहान, संथ, कमी पात्रांच्या चित्रपटाच्या वाट्याला येतो आणि ‘पूर्ण दर’ हा मान ज्यात गाड्या उडतात त्याला मिळतो. प्रत्यक्षात हाणामारीचा चित्रपट घरी जेवता जेवता पाहिला तरी फारसे काही निसटत नाही. याउलट ज्या चित्रपटात दोन माणसे बराच वेळ न बोलता बसून राहतात, त्याला अंधार आणि फोन खिशात ठेवायला लावणारी शिस्त हवी असते. अशा चित्रपटाला चित्रपटगृहाची गरज अधिक आहे.

मराठी चित्रपटांचे तर यात दुहेरी नुकसान होते. त्यांना खेळ आधीच थोडे आणि अडनिड्या वेळी मिळतात. तुमच्या गटाने शनिवारी ‘घरी पाहावा’ असे लिहिले आणि लोक थांबले, तर पुढच्या शुक्रवारी तो चित्रपट पडद्यावरून उतरलेला असतो. मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्या हिंदी चित्रपटांबाबत ओटीटीपूर्वी आठ आठवड्यांचे अंतर मागतात, म्हणून तिथे थांबणाऱ्याला निदान तारखेचा अंदाज बांधता येतो. लहान मराठी चित्रपटाबाबत तो ओटीटीवर येईल की नाही, याचीच शाश्वती नसते. जे उपलब्धच होणार नाही, त्याची शिफारस कशी करता येईल?

सिडकोवासी

मी दोन मुलांचा बाप या नात्याने लिहितो. एकट्या रसिकाचा ‘पूर्ण दर’ आणि कुटुंबाचा ‘पूर्ण दर’ यांत फार अंतर आहे, म्हणून शेऱ्यासोबत चित्रपट कोणाबरोबर पाहिला, हे लिहिणे बंधनकारक करा. राष्ट्रीय चित्रपट दिनाच्या निमित्ताने २३ सप्टेंबर २०२२ रोजी ७५ रुपयांत, तर १३ ऑक्टोबर २०२३ आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी ९९ रुपयांत तिकिटे दिली गेली. त्या भावात आम्ही चित्रपटाची निवड मुलांवर सोपवतो. एरवी चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

पायऱ्यांऐवजी सरळ आकडा लिहावा, असेही सुचवतो. बाहेर पडल्यावर स्वतःला विचारावे, ‘आज पाहिले ते आधी ठाऊक असते, तर किती रुपये दिले असते?’ कोणी १५० लिहील, कोणी ४०. वाचणाऱ्याने आपल्या तिकिटाशी तो ताडून पाहावा. मग ‘पूर्ण दर’ कोणता, हा वादच उरत नाही.

गोदाकाठ, गंगापूर रोड

सर्वांचे आभार. आकडा लिहिण्याची सूचना गटात मांडली आणि ती बहुतेकांना पटली. आकडा करासह आणि माणशी असेल, खाणे-पिणे वगळलेले असेल आणि चित्रपट कोणासोबत पाहिला, याची नोंद राहील. पंचवटीकरांचा मुद्दा मान्य करून, ओटीटीची तारीख जाहीर झाल्याखेरीज ‘घरी पाहावा’ असे लिहायचे नाही, असेही ठरवले आहे. एक शंका उरते. आमच्यातील एक-दोघांना विशेष खेळाचे पास मिळतात. त्यांचा आकडा धरावा का?

हिशेबनीस, नाशिकरोड

धरू नये. फुकट पाहणारा सहसा उदार होतो, आणि निर्माता ओळखीचा असेल तर अधिकच. त्यांनी अभिप्राय अवश्य लिहावा, पण पासावर पाहिल्याचा उल्लेख पहिल्याच ओळीत करावा आणि रुपयांची जागा कोरी ठेवावी.