१४४ हर्ट्झचा मॉनिटर, पण लिनक्स ७७ हर्ट्झ दाखवतंय. हा आकडा आला कुठून?

रात्रपाळी

मंडळी, दोन दिवस या एका आकड्याच्या मागे लागलोय आणि काही केल्या कळेना म्हणून विचारतोय. मॉनिटर १९२० बाय १०८० चा आहे, १४४ हर्ट्झवाला, कार्ड एएमडीचं, एचडीएमआयने जोडलंय. मागच्या आठवड्यात लिनक्स नव्याने टाकलं. आता डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेटच्या (चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं त्या आकड्याच्या) जागी एकच आकडा येतो, ७७, दुसरा पर्यायच नाही. टर्मिनलमध्ये एक्सरँडर, म्हणजे मॉनिटरचे मोड दाखवणारी आज्ञा, चालवली तर आधी गॅमाची साइज मिळाली नाही अशी तक्रार, मग आउटपुटचं नाव नुसतं ‘डिफॉल्ट’, ना एचडीएमआय ना काही, आणि खाली ७७.०० आणि त्याला चांदणी, म्हणजे आत्ता तोच चालू. आणि मॉनिटरचं बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडला तर तिथे ६० लिहिलंय! म्हणजे खोक्यावर १४४, मॉनिटर म्हणतो ६०, लिनक्स म्हणतं ७७, तिघांत मेळच नाही. विंडो ओढली की तुटत तुटत सरकते, व्हिडिओ मध्येच आडवा फाटतो आणि साधं ब्राउझर उघडलं तरी प्रोसेसरचा पंखा जोरात फिरायला लागतो. दिवसभर कोड वाचायचा असतो, संध्याकाळपर्यंत डोळे दुखतात. ड्रायव्हर बिघडलाय की मॉनिटर?

तारांचा_गुंता

आधी केबल बदलून बघा. माझ्याकडे जुन्या केबलने १४४ कधी आलंच नव्हतं, नवी लावली आणि आलं.

बूटलाइन

केबल बदलायची वेळ येईलही, पण हा प्रश्न केबलचा नाही. केबल खराब असती तर आउटपुटचं नाव तरी दिसलं असतं. तुमचं नाव ‘डिफॉल्ट’ येतंय यातच सगळं आलं: एएमडीचा खरा ड्रायव्हर, म्हणजे एएमडीजीपीयू, लोडच झालेला नाहीये. बूट होताना फर्मवेअरने जो पडदा लावून दिला तोच धरून एक्स, म्हणजे विंडो पडद्यावर दाखवणारी लिनक्सची व्यवस्था, चाललंय. या बदली ड्रायव्हरला मॉनिटरशी बोलता येत नाही, मॉनिटरमधली ईडीआयडी वाचता येत नाही, म्हणजे मॉनिटर कुठले मोड (रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेटच्या जोड्या) झेपवतो त्याची किमान १२८ बाइटची यादी. खरं टायमिंग माहीत नसल्यामुळे तो एक पोकळ आकडा भरून देतो, कुणाकडे ७६ येतो कुणाकडे ७७. मॉनिटर मात्र त्याच्याकडे येणारा सिग्नल स्वतः मोजतो, म्हणून त्याचे ६० खरे. अशा भांडणात नेहमी मॉनिटरच्या मेनूवर विश्वास ठेवा, सॉफ्टवेअरवर नाही.

ग्लक्सइन्फो चालवून रेंडररची ओळ बघा, तिथे एलएलव्हीएमपाइप लिहिलं असेल. म्हणजे सगळं चित्र प्रोसेसर काढतोय आणि कार्ड रिकामं बसलंय, पंखा त्यामुळेच ओरडतोय.

एक सांगा, इन्स्टॉल करताना काळा पडदा आला होता का आणि तुम्ही ‘सेफ ग्राफिक्स’ वाला पर्याय घेतला होता का? /प्रॉक/सीएमडीलाइन ही फाइल कॅट करून इथे टाका, बूट होताना लिनक्सला मिळालेल्या सूचना त्यात असतात.

रात्रपाळी

हो! अगदी तसंच झालं होतं, पेनड्राइव्हवरून सुरू करताना लोगोनंतर पडदा काळा, मग सेफ ग्राफिक्स निवडलं आणि इन्स्टॉल झालं, पुढे विसरूनच गेलो. ओळीच्या शेवटी ‘क्वायट स्प्लॅश नोमोडसेट’ असं आहे. रेंडरर पण एलएलव्हीएमपाइपच आहे.

बूटलाइन

सापडलं मग. नोमोडसेट म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, दिलेली तंबी, की मोड लावायचं काम तू करू नकोस. एएमडीजीपीयू असो, इंटेलचा आय९१५ असो की एनव्हिडिया कार्डांचा नूव्हो, हे सगळे ड्रायव्हर मोड लावायचं काम कर्नलमध्येच करतात, त्यामुळे हा शब्द दिसला की ते लोडच व्हायला नकार देतात. सेफ ग्राफिक्स हाच शब्द लावतं, आणि काही इन्स्टॉलर तो तात्पुरता न ठेवता पक्क्या सिस्टीममध्येही तसाच उतरवतात. म्हणजे बिघाड काहीच नाही, तात्पुरती सोय कायमची होऊन बसलीये.

आता घाई करू नका. आधी सगळे अपडेट टाका, कारण पेनड्राइव्हवरचं कर्नल जुनं असणार आणि नव्या कार्डाला लागणारं फर्मवेअर बऱ्याचदा त्यात नसतं, काळा पडदा बहुतेक त्यामुळेच आला असेल. मग रीस्टार्ट करून ग्रबचा, म्हणजे बूट करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आला की ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतला नोमोडसेट तेवढा खोडा आणि कंट्रोल एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, पडदा काळा झालाच तर परत सुरू केलं की जसं होतं तसं. नीट आलं तरच /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मधून तो शब्द काढा आणि अपडेट-ग्रब चालवा. लोक थेट फाइल बदलतात आणि मग पडदा काळा झाला की घाबरून सगळं पुन्हा टाकतात, तेवढं टाळा.

जुना_खिडकीवाला

खोटे आकडे पूर्वीपण असायचे. एका कार्डाच्या बंद (कोड खुला नसलेल्या) ड्रायव्हरमध्ये डायनॅमिकट्विनव्ह्यू नावाचा पर्याय आपोआप चालू असायचा, तेव्हा एक्सरँडर ६० च्या मॉनिटरला ५०, ५१, ५२ असे रेट दाखवायचं. मॉनिटर व्यवस्थित ६० वर असायचा, पण दोन मॉनिटरच्या वेगवेगळ्या जोड्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून ड्रायव्हर रेटच्या जागी नुसते अनुक्रमांक भरायचा. त्रास व्हायचा तो कंपोझिटरला, म्हणजे सगळ्या विंडो एकत्र करून अंतिम चित्र काढणाऱ्या प्रोग्रामला, तो बिचारा ५० खरं धरून तसंच चित्र काढायचा आणि सगळं अडखळायचं. तेव्हा मी कितीतरी रात्री कंपोझिटरच्या सेटिंगमध्ये घालवल्या, दोष भलतीकडेच होता. २०१२ मध्ये ३०२ मालिकेपासून त्या ड्रायव्हरने रँडर १.२ (एक्सरँडर ज्यावर चालतं तो एक्सचा भाग) नीट घेतलं आणि खरे आकडे दिसायला लागले. म्हणून आजही विचित्र आकडा दिसला की मी आधी मॉनिटरचा मेनू उघडतो.

रात्रपाळी

झालं! बूटलाइन, खूप आभार. अपडेटनंतर नोमोडसेट काढला, पडदा काळा झाला नाही, आउटपुटचं नाव एचडीएमआय आलं, पंखा शांत, विंडो मऊ सरकतात. पण यादीत ६० आणि १२० आहेत, १४४ नाही. मग कुठेतरी वाचून सीव्हीटीला (टायमिंग काढून देणारी आज्ञा) १९२०, १०८०, १४४ दिलं, त्याने जी मोडलाइन, म्हणजे एका मोडच्या टायमिंगची ओळ, दिली ती एक्सरँडरच्या न्यूमोड आणि अ‍ॅडमोडने घातली, तर लावल्यावर मॉनिटर म्हणतो आउट ऑफ रेंज. १२० वर परत आलोय. आता हा ड्रायव्हरचा दोष धरायचा का?

बूटलाइन

नाही, इथे ड्रायव्हर बरोबर वागतोय. त्या मोडलाइनचा पहिला आकडा बघा, ४५२.५० असेल. तो पिक्सेल क्लॉक, म्हणजे सेकंदाला किती पिक्सेल जातात ते, मेगाहर्ट्झमध्ये. रिफ्रेश रेट वेगळा कुठे लिहिलेला नसतोच, तो भागाकारातून निघतो: पिक्सेल क्लॉक भागिले (पूर्ण रुंदी गुणिले पूर्ण उंची), आणि पूर्ण म्हणजे दिसणारे पिक्सेल अधिक न दिसणारी कड. तुमच्या मोडलाइनमध्ये १९२० दिसतात पण पूर्ण रुंदी २६७२ आहे, कारण सीव्हीटी नुसतं चालवलं की जुन्या काचेच्या मॉनिटरांना लागायची तेवढी रुंद कड धरतं. सपाट मॉनिटरला इतकी लागत नाही. सीव्हीटीचा कमी कडेचा पर्याय आहे, पण तो फक्त ६० च्या पटीतले रेट घेतो, १४४ दिलं की एरर देऊन बाहेर पडतो.

आता तुमच्या १४४ साठी मॉनिटरवाले साधारण जे टायमिंग वापरतात ते २०८० बाय ११५७ आणि क्लॉक ३४६.५. भागाकार करून बघा, १४३.९८ येतो. आणि एचडीएमआय १.४ ची कमाल मर्यादा ३४० मेगाहर्ट्झ. म्हणजे थोडक्यात हुकतंय. १२० ला २२०० बाय ११२५ धरून २९७ लागतात, ते आरामात बसतं. मॉनिटरचा एचडीएमआय पोर्ट बहुतेक १.४ चाच असणार आणि त्या पोर्टच्या ईडीआयडीत १४४ लिहिलेलंच नसेल. मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट असेल तर त्याने जोडा, हाताने घातलेले मोड काढून टाका, १४४ आपोआप यादीत येईल.

तारांचा_गुंता

म्हणजे माझं काम नव्या केबलने झालं ते यामुळेच, मी एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्ट लावली होती. केबल जुनी होती म्हणून अडलं होतं असंच इतके दिवस धरून चाललो होतो.

रात्रपाळी

डिस्प्लेपोर्टने जोडलं. यादीत १४३.९८, मॉनिटरच्या मेनूत १४४, आता दोघांचं जुळतंय. डोळ्यांना पहिल्या तासातच फरक जाणवला, ओळी वर सरकवताना अक्षरं पुसट होत नाहीत. फ्रेम मोजणारं ग्लक्सगिअर्स पाच सेकंदांना ७२० च्या आसपास फ्रेम देतंय. एक शेवटचं, शेजारी जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर जोडला की हाच आकडा ३०० वर येतो, मोठ्या मॉनिटरवर विंडो असली तरी. एक्सरँडरमध्ये मात्र १४३.९८ लाच चांदणी आहे.

बूटलाइन

मॉनिटर १४४ वरच चाललाय, फ्रेमच ६० च्या येतायत (पाच सेकंदांना ३०० म्हणजे सेकंदाला ६०). एक्समध्ये दोन्ही मॉनिटर मिळून एकच मोठा पडदा असतो आणि कंपोझिटर ताल धरतो तो एकाच मॉनिटरचा, तुमच्याकडे ६० वाल्याचा धरलाय. लॉगिनच्या पडद्यावर सेशन बदलायचं चिन्ह असतं, तिथून एक्सऐवजी वेलँड ही दुसरी व्यवस्था निवडून बघा, त्यात प्रत्येक मॉनिटरचा ताल वेगळा ठेवता येतो.

रात्रपाळी

वेलँडमध्ये गेलो. मोठ्यावर ७२०, विंडो ओढून जुन्यावर नेली की ३००, परत आणली की ७२०. चार वेळा ओढून बघितलं.