मिरजेत बसून कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा इतिहास शोधायचाय. हे काम कुणी करतं का?

सनदी_मिरज

नमस्कार मंडळी. मी मिरजेत ४ वर्षं वकिली करते, बहुतेक दिवाणी कामं. कॉलेजातल्या मैत्रिणीच्या ओळखीने कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो, तिथल्या एका छोट्या कचेरीचं काम आलंय. ती कचेरी लॉबिस्टांना (कुणाच्या तरी वतीने आमदारांकडे बाजू मांडणाऱ्यांना) आणि वकिलांना विधेयकांची माहिती काढून देते आणि त्यातलं काही काम बाहेर करून घेते. पैसे तासावर.

आधी चाचणी. कॅलिफोर्नियाच्या लेबर कोडचं कलम २२६.७. मालकाने जेवणाची किंवा विश्रांतीची सुट्टी दिली नाही तर कामगाराला एका तासाचं जादा वेतन द्यायचं, असं ते कलम. ते कुठल्या विधेयकातून आलं, वाटेत त्यात काय काय बदललं, याचं ४ पानी टिपण ६ दिवसांत हवंय. विधेयक सापडलं: २००० सालचं एबी (असेंब्ली बिल) २५०९. पण पुढे त्याच विधेयकाचे इतके मसुदे आणि समित्यांची टिपणं निघाली की कुठलं धरावं कळेना. एका एआय चॅटबॉटला विचारलं, तर त्याने समितीच्या टिपणातलं म्हणून एक सुरेख वाक्य दिलं. सगळी टिपणं दोनदा वाचली, ते वाक्य कुठेही नाही.

आणखी दोन शंका. बाबा म्हणतात, लॉबिस्ट म्हणजे दलाल, त्यांच्यासाठी कशाला राबतेस. आणि सनद चालू असताना हे काम केलेलं चालतं का?

रात्रपाळी_पुणे

मिरजकर, वयाने मोठी आहे म्हणून तू म्हणते. ११ वर्षं हेच काम करतेय. पहिली ५ कंपनीत, नंतर घरून.

चॅटबॉटचं वाक्य आत्ताच्या आत्ता खोडून टाक. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात, चॅटजीपीटीने रचलेले खटले दाखल केले म्हणून वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. ते निदान कोर्टासमोर उभे तरी होते. तुझं टिपण कुणाच्या हातून कुठे जाईल ते तुला कळणारही नाही.

आता मुख्य गोष्ट. या कामात मजकुराआधी तारीख बघायची. कुठली आवृत्ती, कुठल्या दिवसाची, असेंब्ली आणि सिनेट यांतल्या कुठल्या सभागृहातली. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर १९९९ पासूनच्या विधेयकांच्या सगळ्या आवृत्त्या आहेत. कुठलीही उघड. अगदी वर 'अमेंडेड इन सिनेट', 'अमेंडेड इन असेंब्ली' अशा तारखांच्या ओळींची उतरंड दिसेल, सगळ्यात वरची सगळ्यात ताजी. ती उतरंड आधी वहीत हाताने उतरवून घे. मग मजकूर वाच. काढलेले शब्द लाल आणि मध्ये रेघ मारलेले, घातलेले निळे आणि तिरपे. त्या लाल शब्दांवर जास्त वेळ घालव. काय गळलं यावरून बहुतेक वेळा जास्त कळतं.

तुझ्याच कलमाचं बघ. तुला दिलेलं काम नामांकित आहे, मुद्दाम दिलेलं असणार. प्रश्न असा होता की तो जादा तासाचा पैसा म्हणजे वेतन की दंड? दंड म्हटला तर कामगाराला दाव्यासाठी १ वर्ष, वेतन म्हटलं तर ३ वर्षं. मर्फी विरुद्ध केनेथ कोल या खटल्यात २००७ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेतन म्हटलं. त्या निकालात एबी २५०९ च्या आवृत्त्यांना मोठं वजन आहे. सुरुवातीच्या मसुद्यात दंडही होता आणि कामगाराला द्यायची रक्कमही होती. सिनेटमध्ये दंड गळाला, रक्कम राहिली. हजारो लोकांचे दोन वर्षांचे पैसे या गळण्याशी बांधलेले होते. निकाल वाच, पण आधी आवृत्त्या स्वतः लावून बघ. न्यायालयाने कुठे बोट ठेवलं ते तुझं तुला सापडू दे.

वकिलाचं काम असं मागे बघण्याचं असतं. लॉबिस्टाचं पुढे बघण्याचं: उद्या सकाळी ९ ला समितीत काय येणार, कोण दुरुस्ती आणणार, खर्चाच्या समितीने विधेयक 'सस्पेन्स फाइल'मध्ये, म्हणजे खर्चिक विधेयकं रोखून ठेवायच्या यादीत, टाकलं का. तिथे उन्हाळा असताना आपण साडेबारा तास पुढे. त्यांची सकाळची ९ ची बैठक म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. झोपेचा हिशेब आधी कर, मग हो म्हण.

माझ्या हातून झालेली चूक सांगते, तुझ्या हातून होऊ नये म्हणून. २०२२ साली ३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती आणि त्याच दिवशी सॅक्रामेंटोत अधिवेशनाचा शेवटचा दिवस. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. माझ्याकडे एका लॉबिस्टासाठी १४ विधेयकांचा तक्ता होता. त्यातल्या एका विधेयकाचं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पोट फाडून आत वेगळाच मजकूर भरला गेला. तिकडे याला 'गट अँड अमेंड' म्हणतात. क्रमांक तोच, आमदार तोच, विषय भलताच. मी 'स्थिती'चा रकाना रोज भरत होते. 'सार'चा रकाना जूनचाच राहिला. आरती झाली, समई तेवत होती, पाहुणे जेवत होते, आणि रात्री साडेदहाला त्या लॉबिस्टाचा फोन आला. त्या माणसाने माझा कागद एका आमदाराच्या सहायकाच्या हातात दिला होता आणि सहायकाने विचारलं होतं, "हे कलम आता आहे कुठे यात?"

देवासमोरच पाट सरकवून लॅपटॉप उघडला. जूनची आणि ऑगस्टची आवृत्ती शेजारी शेजारी लावली. अख्खं पान लाल. एक गोष्ट मदतीला आली. २०१६ च्या प्रपोझिशन ५४ मुळे (तिथल्या मतदारांनी मंजूर केलेला नियम) शेवटच्या मतदानाआधी ७२ तास विधेयक छापून लोकांसमोर ठेवावं लागतं, म्हणजे त्या घडीला मजकूर आणखी बदलणार नव्हता. साडेबाराला नवा कागद पाठवला. तिथे दुपार झाली होती, मतदान संध्याकाळी झालं. काम निभावलं, पण त्या आमदाराच्या कचेरीत त्या माणसाचा शब्द हलका पडला तो पडलाच, आणि त्याचं कारण मी होते. तेव्हापासून माझ्या तक्त्यात प्रत्येक साराच्या वर आवृत्तीची तारीख असते. तारखेशिवाय मी एक ओळ लिहीत नाही.

बाबांच्या शंकेबद्दल. तिथे लॉबिस्टाला नोंदणी करावी लागते. वॉशिंग्टनसाठी १९९५ चा लॉबिंग डिस्क्लोजर कायदा आहे, दर तिमाहीला कुणासाठी, कशावर, किती पैशांचं काम केलं ते जाहीर करायचं. कॅलिफोर्नियात १९७४ च्या पोलिटिकल रिफॉर्म कायद्याखाली तसंच. आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून आपल्याला तो शब्द काळोखातला वाटतो. रुग्णांच्या संघटना, शाळांचे जिल्हे, शहरांच्या नगरपालिका, सगळे तिथे लॉबिस्ट ठेवतात. मात्र दोन गोष्टी मी करत नाही, तूही करू नकोस. समितीच्या कचेरीत 'मी विद्यार्थिनी बोलतेय' असं सांगून माहिती काढायला सांगितलं तर काम सोड. आणि एकाच विधेयकावर दोन्ही बाजूंचं काम आलं तर दुसऱ्याला लगेच नाही म्हण.

नागपूर_खंडपीठ

सनदेबद्दल सांगतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा बघा. वकिली चालू असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कामागणिक फी घेऊन केलेलं संशोधन ही नोकरी नव्हे, पण करारात 'एम्प्लॉयी' हा शब्द, ठरलेले तास, महिन्याचा पगार असलं काही आहे का ते नीट वाचा. आणि ए. के. बालाजी प्रकरणातला २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही वाचा. बीपीओचं, म्हणजे बाहेरून करून घेतलेलं, काम मुळात वकिली ठरत नसेल तोवरच चालतं, असा त्याचा रोख आहे. म्हणून टिपणात 'या दाव्यात असा युक्तिवाद करा' असं लिहू नका. काय सापडलं तेवढं लिहा.

एक मनापासून सांगतो. ही शिस्त आपल्या इथल्या कामातही आणा. मी मागच्या वर्षी पोलीस कायद्याच्या एका दुरुस्तीमागचं कारण शोधत होतो. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे, २०१२ मध्ये अशा कितीतरी अधिनियमांच्या नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं. नव्या नावाने शोधत बसलो आणि तीन दिवस हाती काही लागलं नाही. जुन्या नावाने राजपत्रं चाळल्यावर उद्देश व कारणांचं निवेदन मिळालं. विधानसभेतली चर्चा मराठीत, आमच्यासमोरचा युक्तिवाद इंग्रजीत. ती चर्चा वाचून नेमका उतारा काढून देणारं माणूस मिळालं तर मी आनंदाने फी देईन.

बे_एरिया_पॅरालीगल

मी त्या टोकाला, कॅलिफोर्नियात आहे. अशी टिपणं आमच्या ऑफिसात येतात आणि मी ती वकिलांसाठी तपासते. रात्रपाळी ताईंनी सगळं सांगितलंच आहे, एकाच गोष्टीची भर घालते.

सापडलेला प्रत्येक कागद इथल्या कोर्टात चालत नाही. २००५ चा कॉफमन अँड ब्रॉड विरुद्ध परफॉर्मन्स प्लास्टरिंग हा अपील न्यायालयाचा निकाल जवळ ठेव. विधेयकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, समित्यांचे अहवाल, लेजिस्लेटिव्ह काउन्सेलचा (विधिमंडळाच्या कायदा सल्लागाराचा) गोषवारा हे सगळं चालतं. सही करा म्हणून गव्हर्नरला लोकांनी लिहिलेली पत्रं चालत नाहीत. विधेयक आणणाऱ्या आमदाराच्या मनात काय होतं, हेही ते सभागृहापुढे आलेलं नसेल तर चालत नाही. मला एकदा २०० पानांचं बाड आलं होतं, देखणं, अनुक्रमणिकेसकट. निम्मी पत्रंच होती. ती वेगळी काढण्यात माझे दोन दिवस गेले आणि अशिलाला त्या दोन दिवसांचं बिल लागलं. तू कागदांचे दोन गठ्ठे आधीच करून पाठवलेस तर पुढचं काम तुलाच येईल.

इथल्या वकिलाने काम बाहेर द्यायला हरकत नाही. अमेरिकन बार असोसिएशनने २००८ साली तसं लेखी मत दिलंय. पण देखरेख आणि गोपनीयतेची जबाबदारी त्याच्यावरच राहते. म्हणून तो तुला खोदून खोदून विचारेल. राग मानू नकोस.

सनदी_मिरज

सगळ्यांचे आभार. काल रात्री टिपण पाठवलं.

ताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आधी उतरंड वहीत उतरवली. मग निकाल न उघडता आवृत्त्या लावल्या. सिनेटमधल्या दुरुस्तीवर आल्यावर दंडाची ओळ लाल दिसली आणि मी खुर्चीतून उठलेच. बाबांना दाखवलं. ते ३२ वर्षं सूतगिरणीत होते, इंग्रजी जेमतेम वाचतात. मी मराठीत सांगितलं तसं त्यांनी विचारलं, "म्हणजे जेवायची सुट्टी नाही दिली तर तीन वर्षांचे पैसे मागता येतात?" हो म्हटलं. मग दलालाचा विषय निघाला नाही.

टिपण ३ पानांचंच झालं. चौथ्या पानावर काय काय शोधलं आणि काय मिळालं नाही ते लिहिलं, मला तेच प्रामाणिक वाटलं. आज सकाळी उत्तर आलं की ते चौथं पान त्यांना सगळ्यात उपयोगी पडलं, आणि गव्हर्नरच्या फायलीतले कागद स्टेट आर्काइव्हजकडून (राज्याच्या अभिलेखागाराकडून) मागवायला मला सांगितलंय. करारही आला, त्यात 'एम्प्लॉयी' नाही, कामागणिक फी आहे. नागपूरचे वकीलसाहेब, तुमच्या त्या मराठी चर्चांचं खरंच काम असेल तर मला निरोप पाठवा.

रात्रपाळी_पुणे

चौथं पान लिहिलंस, फार बरं केलंस. अमुक फाइल बघितली आणि तिच्यात काही नाही, हे कळलं की पुढच्याचा अख्खा दिवस वाचतो.

आर्काइव्हजला मेल करताना नुसतं 'एबी २५०९' लिहू नकोस. क्रमांक दर दोन वर्षांच्या सत्रात पुन्हा १ पासून सुरू होतात, त्यामुळे त्याच क्रमांकाची कितीतरी विधेयकं तिथे पडलेली असतात. १९९९-२००० चं सत्र आणि लेबर कोड २२६.७, दोन्ही विषयाच्या ओळीतच टाक. तिथल्या शुक्रवारी दुपारनंतर पाठवू नकोस, सोमवारपर्यंत तसाच राहील.