'व्हिकेरियस ट्रॉमा'ला मराठीत काय म्हणाल?

नर्सिंग स्टाफसाठी एक मराठी पत्रक लिहितेय आणि या शब्दापाशी गाडी अडलीय. 'परोक्ष आघात' होतो, पण नाईट करून आलेली सिस्टर ते वाचून पत्रकाची घडी करून पर्समध्ये टाकेल, संपलं. अर्थ असा की अपघात, जळीत, अत्याचार यातलं आपल्यावर काहीच गुदरलेलं नाही, पण ज्यांच्यावर गुदरलं त्यांचं रोज ऐकून बघून आपलंच मन बदलतं. मॅककॅन आणि पर्लमन या दोघींनी १९९० मध्ये हे मांडलं, तेव्हा थेरपिस्ट लोकांबद्दल होतं.

— म्हणजे बर्नआउटच ना? पार पिचून जाणं.

— नाही ओ. बर्नआउट कामाच्या ओझ्याचा, नुसते तापाचे पेशंट असले तरी येईल, आणि स्टाफ वाढला, सुट्टी मिळाली की बराचसा उतरतो. इथे माणसांवरचा, जगावरचा भरवसाच हलतो. ते सुट्टीवर पण सोबत येतं.

— मी बर्न्स वॉर्डला अकरा वर्षं काढली. पेशंट आली की जबाब ठरलेला, 'स्टोव्ह भडकला', मग दोनतीन दिवसांनी ड्रेसिंग करताना नवरा चहाला गेला की हळूच खरं सांगायची. मला रडू वगैरे कधी आलं नाही म्हणून वाटायचं आपण घट्ट झालो. मग नणंदेचा साखरपुडा, सगळे फोटोच्या गडबडीत आणि मी मुलाच्या आईकडे बघत विचार करतेय की यांच्याकडे रॉकेल असतं का घरात. आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही, नवऱ्याने विचारलं कुठे हरवलीस तेव्हा लक्षात आलं. आम्ही आपसात याला 'वॉर्ड घरी नेणं' म्हणायचो.

— बाप रे. 'धसका' चालेल का मग?

— धसका एका घटनेचा घेतात, हाय पण तशीच. हे मुरत जाणारं आहे. मी 'झळ' म्हणेन. आगीत आपण नसतो, पण रोज शेजारी उभं राहून अंग भाजतंच.

— झळ शब्द पेपरवाल्यांनी महागाईला वापरून वापरून गुळगुळीत केलाय हो.

— म्हणून 'दुसऱ्याच्या दुःखाची झळ' असं पूर्ण लिहायचं. 'सहानुभूतीजन्य' वगैरे नको प्लीज, त्यात दोष सहानुभूतीचाच वाटतो.

पटलं. वर 'दुसऱ्याच्या दुःखाची झळ', खाली बारीक अक्षरात व्हिकेरियस ट्रॉमा, कारण सिस्टर लोकांना पुढे डॉक्टरांशी बोलताना तोच शब्द लागणार. आणि 'लक्षणे' असं हेडिंग काढून टाकते, त्याऐवजी 'वॉर्ड घरी येतो का?' सिस्टर, तुमची साखरपुड्याची गोष्ट नाव न घालता वापरू का?

— वापरा की. फक्त नणंदेऐवजी मावसबहीण करा, नणंद पण नर्सच आहे.